क्रौंचाचा गुडघा: आमवात, झडलेले स्नायू आणि जपानची कांपो औषधं

शेवंती_कोबे

नमस्कार. मला नऊ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे आणि चौदा वर्षांपासून मी जपानमध्ये, कोबेत राहते. इथे आजवर फक्त वाचायला येत होते. आज लिहावंसं वाटलं, कारण या आजारावर आपल्याकडे बोलणं निघालं की ते सांधे, सूज आणि दुखणं एवढ्यावरच थांबतं. माझंही तसंच चाललं होतं. सकाळी बोटं किती वेळ आखडतात, मूठ वळते का, सीआरपी (रक्तातल्या दाहाचं माप) किती आला, एवढंच मी मोजत होते. मांड्यांकडे कधी पाहिलंच नाही.

गेल्या वर्षी शरदात शेजारच्या आजींनी चहाला बोलावलं. तातामीवर, म्हणजे जपानी गवती चटईवर, बैठं टेबल, आम्ही दोघी पाय मुडपून बसलो. तासाभराने उठायला गेले तर उठताच येईना. दुखत नव्हतं, पाय बधिरही झाले नव्हते. पायांत जोरच नव्हता. ब्याऐंशी वर्षांच्या आजींनी काखेत हात घालून मला उठवलं. मी एकावन्न वर्षांची आहे. त्या महिन्याचा रिपोर्ट अगदी उत्तम होता: सूज नाही, सीआरपी नॉर्मल. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. उजवा गुडघा सुरुवातीच्या वर्षांतल्या सुजेने कायमचा जाड झालाय, आणि त्याच्या वरची मांडी मात्र कुणीतरी पोखरून नेल्यासारखी दिसत होती.

पुढच्या भेटीत हे संधिवाताच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्या दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडं करायला लावलं आणि ते पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरायला सांगितलं. कडं पोटरीला घट्ट बसायला हवं, किंवा बोटं एकमेकांना पोचायलाच नकोत. माझ्या कड्यात पोटरी बसून वर बोटभर जागा उरली. ही चाचणी इथे सगळ्यांना माहीत आहे, म्हातारी माणसं टीव्हीसमोर बसून करतात. मग ग्रिप, म्हणजे मुठीची ताकद मोजली: चौदा किलो. आशियाई निकषांप्रमाणे बाईची अठराच्या खाली गेली की स्नायू क्षीण होत असल्याची शंका घेतात. अर्थात माझ्या बोटांचे सांधेही बिघडलेले, त्यामुळे त्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका असं डॉक्टर म्हणाले.

त्यांनी व्यायाम आणि आहार लिहून दिला आणि त्याच हॉस्पिटलातल्या कांपो विभागात पाठवलं. कांपो म्हणजे जपानी परंपरेतलं वनौषधींचं वैद्यक. मुळात चीनमधून आलेलं, पण हजारेक वर्षांत इथलंच झालेलं. एक गोष्ट आधी सांगते, कारण आपल्याकडे हमखास गैरसमज होतो. इथे कांपो डॉक्टर म्हणून वेगळी पदवी नाही. एमबीबीएससारखं शिक्षण घेतलेला डॉक्टरच कांपो लिहून देतो, आणि ते सरकारी आरोग्य विम्यात बसतं. तीस टक्के माझ्या खिशातून, बाकीचे विम्यातून, जसे मेथोट्रेक्सेटचे (माझ्या आमवातावरच्या नेहमीच्या औषधाचे) तसेच याचेही.

त्या तपासणीबद्दल सविस्तर लिहिते. दोन्ही मनगटांची नाडी, जीभ, आणि मग पोट. आपल्याकडे डॉक्टर पोट तपासताना गुडघे मुडपायला सांगतात. इथे पाय सरळ ताठ ठेवायचे. कांपोच्या डॉक्टर बाईंनी तीन बोटांनी बेंबीच्या वर दाबलं, तिथे पोटाने बोटांना नीट उत्तर दिलं. बेंबीच्या खाली दाबलं तर बोटं आत बुडाली, फार मऊ भिजलेल्या कणकेत बुडावीत तशी. 'शोफुकु फुजिन', त्या म्हणाल्या. ओटीपोटातलं बळ गेलेलं. कंबरेखालच्या, म्हातारपणाच्या अशक्तपणाची ही खूण मानतात.

मग त्यांनी माझा गुडघा आणि मांडी एकत्र पाहिली आणि एक शब्द कागदावर लिहून दिला: 'काकुशित्सुफू'. क्रौंचाच्या गुडघ्याचा वात. क्रौंच पक्ष्याचा पाय आठवा, वर काडी, खाली काडी आणि मधे गाठ. जुन्या चिनी ग्रंथांत गुडघा सुजलेला आणि मांडी-पोटरी वाळलेली अशा रोग्यांना हे नाव आहे, आणि त्यावर जे औषध सांगितलंय ते चीनच्या सोंग राजवटीच्या काळातल्या सरकारी औषधालयाच्या संग्रहातलं. जपानीत 'दाइबोफूतो'.

मला रडू आलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझा गुडघा आणि माझी मांडी हा एकच आजार म्हणून बघितला होता.

औषध सुरू करून पाच महिने झाले. मेथोट्रेक्सेट एका मिलिग्रॅमनेही कमी केलेलं नाही. अनुभव सांगेनच. तुमच्यापैकी कुणी कांपो घेतलंय का? आणि सांध्यांबरोबर स्नायू कुणी मोजून घेतं का? मोकळेपणाने लिहा.

नाशिककर

शेवंतीताई, वाचून थांबताच आलं नाही, लगेच लिहितोय. माझ्या आईला (६३) सहा वर्षांपासून हाच आजार आहे. मेथोट्रेक्सेट घेतलं की दोन दिवस मळमळ, जेवण नकोसं. ओळखीच्या एकांनी सांगितलं की जपानी पावडर येते, ती सुरू केली की इंग्लिश औषधं सोडता येतात. आईने परवापासून गोळ्या बंदच केल्यात. ही तीच औषधं का? कुठे मिळतील?

शेवंती_कोबे

दादा, बाकी सगळं राहू दे, आधी आईंच्या गोळ्यांबद्दल आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. मळमळीवर उपाय आहेत: फॉलिक ॲसिड, डोस विभागून देणं, गोळीऐवजी इंजेक्शन. पण आपण होऊन बंद करणं नको. माझ्या कांपोच्या बाईंचं पहिल्याच दिवशीचं वाक्य होतं, "हे त्याच्या जागी नाही, त्याच्या शेजारी."

निवृत्त_फिजिशियन

शेवंती यांनी चांगला विषय काढला. नाशिककरांना त्यांनी दिलेला सल्ला अगदी योग्य आहे, त्याला माझाही पाठिंबा. हाडांची झीज रोखल्याचा भक्कम पुरावा मेथोट्रेक्सेट आणि त्याच्या पुढच्या औषधांकडे आहे. कांपोकडे तो नाही. ज्या सांध्याचं हाड एकदा खाल्लं गेलं, ते परत येत नाही. म्हणून तिथे प्रयोग करायचा नाही.

स्नायू का झडतात ते थोडं सांगतो. या आजारात टीएनएफ आणि आयएल-६ नावाचे दाहाचे निरोपे रक्तात वाढलेले असतात. ते फक्त सांध्यात बसत नाहीत, स्नायूंतली प्रथिनंही मोडायला लावतात. त्यात सुजलेला गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूला प्रतिक्षिप्तपणे 'गप्प बस' असं सांगतो. दुखत नसलं तरी सांध्यात पाणी असेल तर तो स्नायू पूर्ण ताकदीने आवळता येत नाही. तिसरं, दुखतं म्हणून हालचाल कमी. चौथं, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड: तेही दीर्घकाळ घेतलं तर स्नायू खातं. आणि फसवं असं की वजन कमी होत नाही. स्नायू जातो, त्याच्या जागी चरबी येते, वजनाचा काटा तिथेच राहतो. याला ऱ्हुमॅटॉइड कॅकेक्सिया म्हणतात. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी किती रुग्णांचं फक्त वजन लिहून पुढे गेलो असेन. पोटरीचा घेर मोजायला टेप लागते, बाकी काही नाही.

जपानचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट. आयएल-६ चं जनुक १९८६ साली ओसाका विद्यापीठात किशिमोतो यांच्या गटाने वेगळं केलं, आणि त्याला अडवणारं तोसिलिझुमाब हे औषधही तिथूनच निघालं. आमवातासाठी जपानमध्ये ते २००८ साली मंजूर झालं. पुढे त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये गोशाजिंकिगान हे कांपो औषध लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांच्या जातीला देऊन पाहिलं, तर त्यांच्या स्नायूंची झीज कमी झालेली दिसली. उंदरांत. माणसांत तेच होईल असं त्यावरून म्हणता येत नाही. पण ज्या गावाने जैविक औषध दिलं त्याच गावात काढ्यांचाही अभ्यास प्रयोगशाळेत होतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

वेळूबन

इतिहासाची आवड म्हणून थोडी भर.

शेवंतीताईंनी विम्याचं लिहिलंय, ते सहज मिळालेलं नाही. मेजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जपानने पाश्चात्त्य, त्यातही जर्मन वैद्यक स्वीकारलं आणि डॉक्टर व्हायचं तर त्याच परीक्षा द्यायच्या असं ठरवलं. कांपो वैद्यांनी वेगळ्या परवान्यासाठी धडपड केली, पण १८९५ साली संसदेने ती मागणी फेटाळली. एका पिढीत परंपरा संपायचीच, पण काही डॉक्टर आधुनिक वैद्यक शिकून, परवाना घेऊन, मागाहून कांपोकडे वळले. आज जपानमध्ये एकाच हाताने मेथोट्रेक्सेट आणि काढा लिहिला जातो त्याचं मूळ त्या नकारात आहे. १९६७ मध्ये पहिली काही औषधं विम्याच्या यादीत आली, १९७६ पासून मोठ्या संख्येने, आणि आता ती १४८ आहेत. त्यातलं एकच मलम, बाकी सगळे अर्क. २००९ साली खर्च वाचवायला ती यादीतून काढावीत अशी सूचना आली तेव्हा काही आठवड्यांत नऊ लाखांहून जास्त सह्या विरोधात गोळा झाल्या.

आणि आपला धागा जोडणारी गोष्ट: नारा शहरात शोसोइन नावाचं लाकडी भांडार आहे. सम्राज्ञी कोम्योने ७५६ साली तिथल्या महाबुद्धाला साठ औषधं अर्पण केली, त्यांची यादी आजही आहे. त्यात ज्येष्ठमध आहे, आणि हिरडा, आवळा, पिंपळीही आहेत. नावं तर कान देऊन ऐका: हिरड्याला 'कारिरोकु', म्हणजे हरीतकीच. आवळ्याला 'आमारा'. साडेबाराशे वर्षांपूर्वी ही नावं चिनी लिपीच्या खांद्यावर बसून तिथवर पोचली.

पळसपान

मी आयुर्वेदाची वैद्य, सांगलीला प्रॅक्टिस. 'क्रौंचाचा गुडघा' वाचून अंगावर काटा आला. सुश्रुतात गुडघ्याच्या अशाच सुजेला 'क्रोष्टुकशीर्ष' म्हटलंय, कोल्ह्याच्या डोक्यासारखा गुडघा. तिकडे पक्षी, इकडे कोल्हा, पण दोन्हीकडच्या माणसांनी रोग्याचा पाय नीट न्याहाळला होता.

दाइबोफूतोमध्ये पंधरा द्रव्यं असतात. मी यादी बघितली, तर त्यातली दोन आपल्या फार ओळखीची. एक ज्येष्ठमध, तिकडे 'कांझो'. दुसरं 'बुशी', म्हणजे बचनागाच्या कुळातलं मूळ. थांबा, घाबरू नका, पण हलकंही घेऊ नका. कच्चा बचनाग जीव घेतो. आपण त्याचं गोमूत्रात किंवा दुधात शोधन करतो. जपानी कारखान्यात ते मूळ दाबाच्या वाफेत शिजवतात, त्यात ॲकोनिटिन हे विष मोडून त्याचा जहालपणा खूपच कमी होतो, आणि उरलेलं मोजूनच पुढे जातं. तरी ओठ-जीभ बधिर वाटणं, छातीत धडधड, अंग तापणं असं काही झालं तर त्याच क्षणी थांबून डॉक्टरांना कळवायचं. कुणीही कृपया 'आपल्याकडेही मिळतो' म्हणून बचनाग घरी उगाळू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण असा एक रुग्ण मी पाहिलाय.

शेवंतीताई, एक विचारू? तुमची प्रकृती बघून दिलं की आमवाताचं ठरलेलं औषध म्हणून?

शेवंती_कोबे

प्रकृती बघूनच. त्याला इथे 'शो' म्हणतात: रोग्याचं त्या दिवसाचं एकूण चित्र. आमच्या आधारगटात आम्ही चौघी आमवातवाल्या आहोत आणि चौघींची कांपो वेगळी आहेत. एक गोरी, मऊ अंगाची, खूप घाम येणारी, गुडघ्यात पाणी साठणारी: तिला बोइओगितो. दुसरीचे सांधे गारठ्यात धरतात, हातपाय बर्फासारखे: तिला दालचिनी आणि बुशी असलेलं केइशिकाजुत्सुबुतो. तिसरी धडधाकट, सांधे लाल आणि गरम: तिला एप्पिकाजुत्सुतो. त्यात माओ म्हणजे इफेड्रा आहे, त्यामुळे हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याला ते जपून. आणि चौथी मी, वाळलेल्या मांड्यांची. एकीचं पाकीट दुसरीने घ्यायचं नाही हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलंय.

नावं लक्षात ठेवायची एक युक्ती माझ्या जपानी शिक्षिकेने सांगितली होती. शेवटी 'तो' असेल तर काढा, 'सान' असेल तर चूर्ण, 'गान' असेल तर गोळी. आता मात्र बहुतेक सगळ्यांचे अर्काचे दाणे करून पाकिटात येतात, पण नावं जुनीच राहिलीत.

निवृत्त_फिजिशियन

बोइओगितोचा विषय निघाला म्हणून एक इशारा. त्यातल्या 'बोइ' या वेलीत सिनोमेनिन नावाचं अल्कलॉइड असतं, दाह कमी करण्यासाठी त्यावर बराच अभ्यास झालाय. पण चीनमध्ये तशाच नावाने दुसऱ्या वनस्पती विकल्या जातात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत नावाच्या गोंधळातून ॲरिस्टोलोकिया या कुळातली वनस्पती गेली आणि शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडं बिघडली. मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर मूत्रपिंडातूनच जातं. ते बिघडलं तर साधा डोससुद्धा विषासारखा वागेल. तेव्हा इंटरनेटवरून सुटी मुळं मागवायची नाहीत. नाशिककर, तुमच्या ओळखीच्यांची पावडरही यात आली. पाकिटावर घटक छापलेले नसतील तर तोंडात घालू नका. अशा पावडरींत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं मी स्वतः तपासणीत पाहिलंय.

दुसरं, फुप्फुस. शोसाइकोतो नावाचं कांपो औषध यकृतासाठी जपानमध्ये फार चालायचं. १९९६ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने इशारा काढला, त्यामुळे फुप्फुसाला दाह झालेले ८८ रुग्ण आणि त्यातले दहा मृत्यू नोंदले गेले होते. संशय 'ओगोन' या मुळावर. आमवातात फुप्फुसाला आधीच धोका असतो, मेथोट्रेक्सेटनेही क्वचित असाच दाह होतो. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, ताप, यातलं काही आलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

कासाईकर

मी तोक्योत, निशीकासाईला असतो. पळसपान यांनी ज्येष्ठमध म्हटलं म्हणून आमच्या घरची गोष्ट लिहितो. कुणाला दोष द्यायचा नाही, चूक आमचीच होती.

दोन वर्षांपूर्वी बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, ओरडून उठायचे. सहकाऱ्याने सांगितलं म्हणून औषधांच्या दुकानातून शाकुयाकुकांझोतो आणलं. पहिल्याच रात्री गोळा पाच मिनिटांत सुटला. बाबा इतके खूश की दिवसातून तीनदा घ्यायला लागले, चहात टाकून. गोड लागतं ना. दोन महिने झाले. मग म्हणायला लागले की पायांत जीव नाही. आम्हाला वाटलं वय, थंडी, सवय नसलेलं चालणं. एके दिवशी बसस्टॉपची पायरी चढताना बसलेच खाली. हॉस्पिटलात रक्त तपासलं, पोटॅशियम फारच कमी, २.४. रक्तदाब १८०. बाबांना सातारच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी दिलेली होती, ती आम्ही दुकानात सांगितलीच नाही.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं: ज्येष्ठमधातला घटक मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतो, मग शरीरातलं कॉर्टिसोल हे नेहमीचं संप्रेरक मीठ धरून ठेवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. पोटॅशियम गेलं की स्नायू लुळे. त्या औषधाच्या रोजच्या पूर्ण मात्रेत ज्येष्ठमध सहा ग्रॅम असतं. एखाद्या रात्री घेणं वेगळं, रोज तीनदा वेगळं. औषध बंद केलं, पोटॅशियम दिलं, तीन आठवड्यांत बाबा पुन्हा फिरायला लागले. पण ते खाली बसले तो क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पळसपान

कासाईकर, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. स्नायूंचं औषध म्हणून घेतलेलं स्नायूंचंच बळ नेतं, हे लोकांना सांगूनही खरं वाटत नाही. ज्येष्ठमध आपण मुलांना खोकल्याला चाटवतो, त्यामुळे त्याची भीतीच नाही.

निवृत्त_फिजिशियन

जपानमध्ये दिवसाला अडीच ग्रॅम किंवा जास्त ज्येष्ठमध असलेली औषधं स्नायूंचा विकार किंवा पोटॅशियम कमी असलेल्यांना देऊच नयेत असं पाकिटातल्या माहितीतच छापलेलं असतं. आमवाताच्या रुग्णाला प्रेडनिसोलोन चालू असेल तर तेही पोटॅशियम घालवतं. शिवाय दोन-तीन कांपो एकत्र घेतली तर प्रत्येकातला ज्येष्ठमध जमा होत जातो. शेवंती, तुमचं पोटॅशियम बघतात ना?

शेवंती_कोबे

हो काका. सुरू करताना, दोन आठवड्यांनी, मग दर महिन्याला. दाइबोफूतोत ज्येष्ठमध दिवसाला दीड ग्रॅम आहे. रात्री पायात गोळा आला तर आपल्या मनाने दुसरं पाकीट फोडायचं नाही अशी सक्त ताकीद आहे.

चालती_राहा

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. शेवंतीताई, तुम्ही व्यायामाचं एका ओळीत संपवलंत, मला त्याबद्दल जास्त ऐकायचंय. मांडी भरायची तर स्नायूवर भार यायलाच हवा. हे काम कुठलंही औषध करत नाही.

शेवंती_कोबे

बरोबर आहे तुमचं, ते राहूनच गेलं. कदाचित तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं असेल.

रोज खुर्चीतून उठबस. पहिल्या दिवशी हात छातीवर घेऊन पाच वेळा उठायला एकोणीस सेकंद लागले. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर शारीरिक क्षमता कमी, असं इथे मानतात. आता साडेतेरा. सुरुवातीला बाथरूमच्या कठड्याला धरून, मग न धरता. सांधे सुजलेले असतील त्या दिवशी गुडघा न वाकवता मांडी आवळून दहा आकडे मोजायचे. सकाळी साडेसहाला रेडिओ ताइसो लागतो, १९२८ पासून चालत आलेला कवायतीचा कार्यक्रम. समोरच्या बागेत शेजारच्या आजी आणि त्यांच्या मैत्रिणी जमतात, मीही जाते. दोन्ही हात वर जात नाहीत, जेवढे जातात तेवढे.

जेवणात प्रत्येक वेळी प्रथिनं. मी शाकाहारी, तर तोफू, नात्तो (आंबवलेलं सोयाबीन), दही, मूग. इथल्या आहारतज्ज्ञ बाईंना मी पिठलं करून नेलं, त्यांनी कृती लिहून घेतली.

आता औषधाचा अनुभव. पाकीट गरम पाण्यात विरघळवते, दिवसातून तीनदा; सुरुवातीला जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे. वास सेलरीसारखा, त्यात सुंठ आणि ओल्या मुळांचा. चव आधी कडसर गोड, मग जिभेच्या मागे तुरट. पहिल्या पंधरवड्यात पोट जड राहायचं. त्यात 'जिओ' नावाचं मूळ आहे ते काहींना बाधतं. मग बाईंनी जेवणानंतर घ्यायला सांगितलं, आणि ते निवळलं. तिसऱ्या महिन्यापासून पावलं गरम राहतात. रात्री मोजे घालून झोपायचे, आता नाही घालत. भूक नीट लागते. मांडीचा घेर गुडघ्याच्या दहा सेंटिमीटर वर एक सेंटिमीटरने वाढलाय.

हे औषधाने की उठबशीने की मुगाने, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वेगळं करून सांगता येणार नाही. तुमची भूक वाढली म्हणून तुम्ही खाल्लं, पाय गरम राहिले म्हणून तुम्ही बागेत गेलात. मी त्या साखळीत कुठेतरी हात लावला." मला हे उत्तर पटलं. कुणाला नाही पटणार, तेही समजू शकते.

वेळूबन

बाईंचं उत्तर मी वहीत लिहून ठेवतोय.

नाशिककर

सगळ्यांचे आभार. परवा रात्रीच डॉक्टरांना फोन केला. आई पुन्हा गोळ्या घ्यायला तयार झाली, फॉलिक ॲसिडची मात्रा बदलून दिलीये, आणि मळमळ थांबली नाही तर इंजेक्शनचं बघू म्हणाले. ती पावडर मी आईच्या फाईलबरोबर गुरुवारी दाखवायला नेतोय. पाकिटावर खरंच काहीही छापलेलं नाही.

आज सकाळी बोटांचं कडं करून आईची पोटरी बघितली. कड्यात सहज बसली, वर जागा उरली. आई म्हणाली, "अरे, सासरी आले तेव्हा माझ्या पायांत पैंजण रुतायचे." मला काय बोलावं सुचलं नाही. मग खुर्चीतून उठायला सांगितलं तर हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही, एकदाही नाही. हे पण गुरुवारी सांगायचं ना? आणि तोवर घरी काय करू?

चालती_राहा

नक्की सांगा, आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्या. तोवर एवढंच करा. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची घ्या, मऊ किंवा चाकांची नको. भिंतीला टेकवून ठेवा. बसायच्या जागेवर दोन घट्ट उशा घालून ती उंच करा, म्हणजे गुडघे कमी वाकतील. हात टेकू द्या, चालेल. गुडघा गरम किंवा सुजलेला असेल तर त्या दिवशी नाही. तीन वेळा उठणं, मग विश्रांती, असं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. जमलं की आठवड्याने एक उशी काढा. तुम्ही समोर नका उभे राहू, शेजारी उभे राहा.

नाशिककर

आत्ताच केलं. दोन उशा घालून तीनदा उठली. तिसऱ्यांदा माझा हात धरला नाही.